सूचिपर्णी वामनवृक्ष : रोपापासून वृक्षापर्यंत



राजकारण, अर्थकारण, साहित्य हे या व्यासपीठाचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीला कुंडीतल्या एका झाडाने येऊन बसावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु आज शहरात अंगण उरले नाही. उरली आहे ती गच्ची, गॅलरी किंवा खिडकीची जाळी. तेवढ्या जागेत झाडाशी संबंध राखण्याचा एक जुना मार्ग म्हणजे वामनवृक्ष, अर्थात बोन्साय. बाजारात तो विकत मिळतो, भेट म्हणून दिला जातो, आणि बहुधा वर्षाच्या आत मरतो. सुरूसारखी हिरवीगार दिसणारी, बारीक पानांची जी सूचिपर्णी झाडे, त्यांच्या बाबतीत तर हे हटकून घडते. ती का मरतात आणि न मरू देता साध्या रोपापासून ती घरच्या घरी कशी घडवावीत, एवढाच आजचा विषय आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. बोन्साय ही झाडाची जात नव्हे. बुटक्या झाडाचे वेगळे बी कोठे मिळत नाही. ‘बोन’ म्हणजे उथळ कुंडी आणि ‘साय’ म्हणजे लावणे; शब्दाचा अर्थ एवढाच. डोंगरावर साठ फूट वाढणारे झाड आणि कुंडीत दोन फूट राहणारे झाड यांचे बीज एकच असते. फरक पडतो तो माणसाच्या हाताने. म्हणूनच वामनवृक्षाचा बी गोळा करून माळाव्या, रानात पेरून द्यावे, तर त्यातून पूर्ण उंचीचा वृक्ष उभा राहील.

ही कला जपानच्या नावाने ओळखली जाते. परंतु तिचा उगम चीनमध्ये आहे. तांग वंशातील राजपुत्र चांगहुआय याच्या कबरीतील इ. स. ७०६ च्या सुमाराच्या भित्तिचित्रात सेवकांच्या हाती उथळ पात्रातील छोटी झाडे आणि दगड दिसतात. तेथून बौद्ध भिक्षूंच्या व व्यापाऱ्यांच्या मार्गाने ही आवड जपानात गेली. तेथील १३०९ सालच्या एका चित्रित पटात कुंडीतील झाडे काढलेली आहेत. ‘हाचीनोकी’, म्हणजे ‘कुंडीतील झाडे’, या नावाचे एक जुने नो-नाटक आहे. हिमवृष्टीच्या रात्री दारी आलेल्या अनोळखी भिक्षूला ऊब मिळावी म्हणून एक दरिद्री सामुराई आपली आलुबुखार, चेरी आणि पाईन ही तीन जपलेली झाडे जाळतो, असे त्याचे कथानक. घरातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती, तर कुंडीतली झाडे, हे त्या समाजाला न समजावता कळत होते, एवढे यावरून ध्यानात येते.

पुढे १९२३ साली कांतो प्रदेशातील महाभूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाले. तेथील कित्येक बोन्सायकार चांगले पाणी व मोकळी हवा शोधीत ओमिया येथे गेले आणि १९२५ साली तेथे बोन्सायकारांचे एक गावच वसले. आज त्याच ठिकाणी या कलेचे सार्वजनिक संग्रहालय आहे.

सूचिपर्णीचा स्वभाव

आपल्याकडे वामनवृक्ष म्हटला की वड, पिंपळ, उंबर डोळ्यांपुढे येतात. ही झाडे फार क्षमाशील. वडाची फांदी बुंध्यापाशी छाटली, एक पान शिल्लक ठेवले नाही, तरी चार आठवड्यांत सालीतून कोंब डोकावू लागतात. जुन्या लाकडात निद्रिस्त डोळे असतात आणि खोडामुळांत अन्नाचा साठा असतो. घाव घातला की ते डोळे जागे होतात.

सूचिपर्णी झाडांचा कायदा निराळा आहे. चीड, देवदार, ज्युनिपर, मोरपंखी ही सारी अनावृतबीज वर्गातील झाडे. यांतील बहुतेकांच्या पर्णहीन जुन्या लाकडातून सहसा नवी फूट येत नाही. ज्युनिपरच्या फांदीवरील सगळी हिरवी पालवी काढली तर ती फांदी मेली असे समजावे. शिवाय या झाडांचे बरेचसे बळ पालवीतच असते. पालवी अन्न करते, पालवीच पाणी वर खेचते, आणि पालवीच्या जोरावर मुळे वाढतात. म्हणून वडाचा छाटणीचा अनुभव घेऊन जो ज्युनिपरला हात लावील, त्याचे झाड हमखास जाईल.

यावर कडी म्हणजे सूचिपर्णी झाड आपले मरण लवकर सांगत नाही. जास्वंदीला पाणी कमी पडले तर संध्याकाळपर्यंत माना टाकते. ज्युनिपरची मुळे कुजून गेली तरी वरची पालवी कित्येक आठवडे हिरवी दिसत राहते. कारण ती पाने जाड, मेणचट आणि फार सावकाश सुकणारी असतात. मालक रोज पाणी घालीत असतो, आणि झाड केव्हाच संपलेले असते. पालवी पिवळी पडली म्हणून धावपळ करावी, तर ती बातमी दीड-दोन महिने जुनी असते. म्हणून या झाडाच्या बाबतीत रोग झाल्यावर उपाय हा मार्ग नाही. आधीच जपणे हाच मार्ग. झाड खरेच जोमात आहे की नाही हे शेंड्यांवरून ओळखावे. टोके फिकट, ताज्या हिरव्या रंगाची व वाढती असली तर झाड निरोगी आहे. रंग मंद, राखाडी झाला आणि टोके थबकली, तर काहीतरी बिघडले आहे.

रोपाची निवड

घरी आरंभ करावयाचा तर रोपवाटिकेतील साधे ज्युनिपर घ्यावे. पाच-सहा वर्षांचे, दाट, काहीसे अस्ताव्यस्त वाढलेले रोप असले तर उत्तम. बागेत शोभेसाठी लावतात तेच. तयार ‘बोन्साय’ म्हणून विकले जाणारे, चकचकीत कुंडीत खोचलेले, वर गोंदाने खडे चिकटवलेले रोप मात्र टाळावे. त्या खड्यांखाली पाणी मुरत आहे की नुसते वरून वाहून जात आहे, हेही कळत नाही.

रोप घेताना शेंड्याकडे पाहू नका; बुडाशी पाहा. वरची माती बोटाने बाजूला सारा. खोड जमिनीत शिरते तेथे ते रुंदावते काय? मुळे चहूकडे पसरली आहेत काय? खोड खाली जाड आणि वर बारीक होत गेले आहे काय? मोठ्या वृक्षाचा भास उंचीने होत नाही. तो या उतरत्या जाडीने होतो. दोन फुटांचे काठीसारखे सरळसोट रोप रोपच दिसते. सहा इंचांचे, पण बुडाशी अंगठ्याएवढे जाड खोड वृक्षासारखे दिसते. यानंतर पाहावयाचे ते हे की, खोडाजवळ हिरवी पालवी आहे काय. फांदीच्या टोकालाच हिरवा झुबका आणि आत नुसती काठी, असे रोप कितीही मोठे असले तरी निरुपयोगी. कारण मघाशी सांगितल्याप्रमाणे त्या काठीतून पुन्हा फूट येणार नाही.

डोंगरातून जुनी झाडे उपटून आणण्याचा मोह काहींना होतो. जपानातही हे घडले. कड्याकपारीतील वाऱ्याने पिळवटलेले ‘शिंपाकू’ ज्युनिपर मिळवण्यासाठी माणसे दोरांना लोंबकळत, आणि त्यात कित्येकांचे प्राण गेले. शेवटी डोंगर रिकामे झाले आणि लोक कलमांकडे वळले. आपल्या हिमालयात उंचावरचे ज्युनिपर अतिशय मंद वाढते. ते उपटणे कायद्याने व विवेकाने दोहोंनीही वर्ज्य मानावे. आणि ते आपल्या उष्ण हवेत जगणारही नाही.

आकार म्हणजे काय

आता झाडाला आकार द्यावयाचा. आकार म्हणजे मनाला येईल ती वळणे नव्हेत. जपानी परंपरेने जे प्रकार सांगितले ते निसर्गातील कारणांवरून घेतलेले आहेत. मोकळ्या सपाटीवर, चारी बाजूंनी प्रकाश मिळालेले झाड सरळ वाढते, तो ‘चोक्कान’. अडथळे चुकवीत, प्रकाश शोधीत डावी-उजवी वळणे घेत वाढलेले झाड तो ‘मोयोगी’. उतारावर कललेले ते ‘शाकान’. एकाच दिशेने वाऱ्याचा मारा सोसलेले, सर्व फांद्या एकीकडे वळलेले ते ‘फुकिनागाशी’. घाटमाथ्यावर कड्याच्या काठी उभी असलेली झाडे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आणि कड्यावरून खाली झुकून दरीत उतरलेले झाड ते ‘केंगाई’. प्रत्येक आकारामागे एक जीवनवृत्तान्त असतो. झाडाला काय सोसावे लागले हे आधी ठरवावे, मग तार हाती घ्यावी.

सूचिपर्णीच्या फांद्या खाली झुकवतात याचेही कारण आहे. कोवळ्या झाडाच्या फांद्या वर जातात. जुन्या झाडाच्या फांद्या स्वतःच्या वजनाने व वर्षानुवर्षांच्या बर्फाच्या भाराने खाली येतात. सिमल्याकडचे जुने देवदार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे आठवेल. फांदी थोडी खाली आणली की दहा वर्षांचे रोप शंभर वर्षांचे भासू लागते, त्याचे रहस्य हे.

छाटणी आणि तार

प्रत्यक्ष कामात पहिला तास नुसता पाहण्यात घालवावा. कुंडी फिरवावी, डोळ्यांच्या पातळीवर आणावी, खोडाची सर्वांत बोलकी बाजू कोणती ते ठरवावे. ती झाली पुढची बाजू. मग मेलेल्या डहाळ्या, आतला वाळका पालापाचोळा आणि सरळ खाली लोंबणारी पालवी काढावी. खोडाची रेषा दिसू लागते. एकाच ठिकाणाहून समोरासमोर निघालेल्या दोन फांद्यांपैकी एक ठेवावी. वळणाच्या आतल्या बाजूची फांदी सहसा काढावी व बाहेरची ठेवावी. एक फांदी डावीकडे, एक उजवीकडे, एक मागे. मागची फांदी विसरू नये, कारण चित्राला खोली तिनेच येते.

पहिल्या खेपेस एकूण पालवीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये, असा सावध नियम मी सांगेन. तज्ज्ञ हात याहून अधिक काढतात. परंतु त्यांच्यापुढचे झाड कित्येक वर्षे जोपासलेले असते. ज्या फांदीविषयी शंका असेल ती आज ठेवावी. कापलेली फांदी परत चिकटवता येत नाही. ठेवलेली फांदी केव्हाही कापता येते.

तारेचे शास्त्र समजून घेतले तर तार सोपी आहे. फांदी वाकवली आणि सोडली तर ती परत जाते. पण ती वाकलेल्या स्थितीत काही महिने धरून ठेवली, तर त्या काळात सालीखालचा वाढता थर नवे लाकूड तयार करतो. हे नवे लाकूड वाकलेल्या स्थितीतच घडते आणि तेच मग फांदीला धरून ठेवते. म्हणजे वळण टिकवते ते झाडाची स्वतःची वाढ. तार ही केवळ मचाण. यावरून दोन गोष्टी निघतात. ज्या झाडाची वाढ थांबली आहे त्याला तार गुंडाळून उपयोग नाही. आणि वाढ चालू आहे म्हणूनच तार एक दिवस सालीत रुतणार, तेव्हा ती वेळीच काढली पाहिजे.

नवशिक्याने अॅल्युमिनियमची तार वापरावी. ती मऊ असते. तांब्याची तार तापवून मऊ करून वापरतात, ती अधिक घट्ट धरते. तारेची जाडी फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश असावी. एकाच तारेने दोन शेजारच्या फांद्या गुंडाळाव्यात, म्हणजे मध्ये खोडाला वेढा पडून तार घसरत नाही. वेढे सुमारे ४५ अंशांच्या कोनात, सारख्या अंतराने, सालीला टेकतील पण आवळणार नाहीत असे द्यावेत. वाकवताना वळणाच्या बाहेरच्या बाजूस तारेचा वेढा यावा, कारण फांदी फाटते ती बाहेरून. दोन्ही अंगठे आत टेकवून हळूहळू, थोडे थोडे वाकवावे. तार काढताना ती उलगडू नये. तुकडे तुकडे कापून काढावी. उलगडण्याच्या नादात फांद्या मोडतात.

निष्पर्ण लाकडाचे सौंदर्य

ज्युनिपरचा एक खास गुण आहे. त्याच्या खोडात रसवाहिन्यांचे पट्टे बरेचसे स्वतंत्र असतात. अमुक मूळ, अमुक पट्टा, अमुक फांदी असा हिशेब असतो. त्यामुळे डोंगरावर वीज पडली, दगड कोसळला, खोडाचा एक भाग मेला, तरी दुसरा पट्टा झाडाला शतकानुशतके जगवतो. मेलेले लाकूड राळेमुळे लवकर कुजत नाही, उन्हापावसात रुपेरी पांढरे होते. त्याच्या कडेने तांबूस जिवंत साल वर चढत जाते. हे दृश्य फार परिणामकारक असते.

घरी याचे अनुकरण करतात. काढावयाची फांदी बुडाशी न कापता तिचे बोटभर टोक ठेवावयाचे, साल सोलून पकडीने तंतू ओढीत ते निमुळते करावयाचे. याला ‘जिन’ म्हणतात. खोडावर साल काढून केलेला पट्टा म्हणजे ‘शारी’. लाकूड वाळले की त्यावर चुना-गंधकाचे द्रावण लावतात. त्याने ते पांढरे होते व कुजण्यापासून वाचते. आपल्या फळबागाईतदारांना हे द्रावण नवे नाही. लावताना ते मातीत किंवा पालवीवर सांडू नये आणि काम मोकळ्या हवेत करावे, कारण वास उग्र असतो. शारी करताना कोणत्या फांदीखालून कोणता रसपट्टा जातो ते आधी पाहावे. तो तोडला तर वरची फांदी जाईल.

कुंडीतले पाणी

आता मुळांकडे वळू; कारण घरची झाडे मरतात ती बहुतांशी मुळांनी.

उथळ कुंडीत पाणी कसे राहते हे घरी दोन मिनिटांत पाहता येईल. भांडी घासण्याचा जाड आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थोडे पाणी गळून थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळू लागेल. स्पंज तोच, छिद्रे तीच. वाढली ती फक्त उंची. कुंडीतही तळाशी एक ठरावीक जाडीचा थर पाण्याने गच्च भरलेला राहतो. ती जाडी कणांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. बादलीएवढ्या कुंडीत हा थर तळाचा थोडासा भाग व्यापील. दोन इंच खोल कुंडीत बारीक मातीचा तोच थर जवळजवळ सर्व जागा व्यापील. मुळांना हवा कोठून मिळावी? तळाला खापऱ्या टाकून हे टळत नाही. ओला थर खापऱ्यांच्या वर चढून बसतो, एवढेच.

उपाय एकच : कण मोठे घ्यावयाचे. जपानात भाजल्यासारखी कठीण ‘आकादामा’ माती आणि ज्वालामुखीचे सच्छिद्र खडे वापरतात. आपल्याकडे भाजलेल्या विटांचा चुरा, कठीण मुरूम, कोळशाचे तुकडे आणि थोडे कुजलेले शेणखत किंवा पानखत चालते. कणांचा आकार दोन ते पाच मिलिमीटर ठेवावा आणि चाळून सर्व धूळ काढून टाकावी. चाळणे हे कंटाळवाणे काम आहे. पण सगळ्या प्रकरणात याहून महत्त्वाचे काम नाही. अशा मिश्रणात पाणी भरपूर घालता येते आणि ते लगेच निघूनही जाते.

पाणी ‘रोज एक पेला’ अशा हिशेबाने घालू नये. बोट खुपसून पाहावे. वरचा अर्धा इंच कोरडा होऊ लागला की खालच्या भोकांतून वाहीपर्यंत घालावे, एरवी घालू नये. आणि झाड बाहेर ठेवावे. दिवाणखान्यातील टेबलावर ज्युनिपर जगत नाही. त्याला ऊन, वारा आणि दव पाहिजे. पाहुणे यावयाचे असतील तर एक दिवस आत आणावे व दुसऱ्या दिवशी बाहेर न्यावे; ओमियातही रीत हीच आहे.

खत म्हणून पेंड उत्तम. जपानी लोक सरकीऐवजी मोहरीवर्गीय पेंडीचे गोळे वापरतात. आपण एरंडीची किंवा निंबोळीची पेंड वापरावी. मुळे नुकतीच छाटली असतील तर नवी वाढ दिसेपर्यंत खत देऊ नये.

कालक्रम

आता आपण चैत्र-वैशाखात येथे जमलो आहोत. उद्या सकाळी उठून कुणी रोप आणून कापू लागेल, म्हणून आवर्जून सांगतो : या उन्हाळ्यात काहीही करू नका. रोप आणावे, दुपारच्या तीव्र उन्हापासून थोडी सावली द्यावी आणि पाहत राहावे. या दिवसांत ज्युनिपरवर लाल कोळी पडतो. पालवीखाली पांढरा कागद धरून फांदी टिचकीने झटकली आणि कागदावर ठिपके चालू लागले, तर तो आला असे समजावे. पालवीवर खालून-वरून पाण्याचा जोरदार फवारा दर दोन-चार दिवसांनी मारल्यास तो बराच आटोक्यात राहतो.

पावसाळा गेला, झाडाने आपली हवा स्वीकारली, टोके वाढू लागली, की दिवाळीच्या सुमारास पहिली छाटणी व तार करावी. त्यानंतर पुरे वर्ष मुळांना हात लावू नये. पुढील वर्षीच्या थंडीच्या अखेरीस, माघात, कुंडी बदलावी, म्हणजे उन्हाळ्याचा कडाका येण्यापूर्वी नवी मुळे फुटावयास पाच-सहा आठवडे मिळतात. मुळेही एकदम सगळी छाटू नयेत. जुन्या मातीचा काही भाग बुंध्याखाली तसाच ठेवावा आणि झाड कुंडीला तारेने घट्ट बांधावे, कारण हलत्या झाडाची नवी तंतुमुळे तुटतात. एका वर्षात एकच मोठा घाव, हे सूत्र पाळले तर निम्मी झाडे वाचतील.

आणखी एक गोष्ट. खोड जाड करावयाचे असेल तर ते छोट्या कुंडीत होत नाही. जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत झाड मोकळे वाढू द्यावे, बुडाजवळची एखादी फांदी मुद्दाम न कापता लांब सोडावी. ती भरपूर अन्न करते आणि तिच्या खालचा बुंधा जाड होतो. काम झाले की ती कापावी. सुबक कुंडी शेवटी येते. आपण ती आधी आणतो आणि मग झाड का वाढत नाही म्हणून कष्टी होतो.

चीडवर्गीय झाडांचे तंत्र आणखी निराळे आहे. जपानी काळ्या पाईनचे वसंतातील कोंब उन्हाळ्याच्या आरंभी कापले तर त्याच हंगामात दुसरी, आखूड सुयांची फूट येते. पण पांढऱ्या पाईनला असे केले तर ते खचते. एकाच कुळातील दोन भावंडे, पण औषध वेगळे. आपल्या मैदानी हवेत आरंभ ज्युनिपर किंवा मोरपंखीने करावा. कोकणच्या किनाऱ्यावर सुरू भरपूर आहे. तो सूचिपर्णीसारखा दिसतो, पण खरे पाहता सपुष्प वनस्पती आहे. त्याची ‘पाने’ म्हणजे सांधेदार हिरव्या डहाळ्या. तो उष्ण, खाऱ्या वाऱ्यातही जोमाने वाढतो आणि इंडोनेशियात त्याचे उत्कृष्ट वामनवृक्ष घडवतात. आपल्याला त्याहून जवळचा सोबती कोठे मिळणार?

दोन आक्षेप

वामनवृक्ष घरात ठेवू नये, घराची वाढ खुंटते, असे पुष्कळ लोक मानतात. झाड वाढायचे थांबते ही यामागील समजूतच चुकीची आहे. न वाढणारे झाड मेलेले असते. वामनवृक्ष दरवर्षी नवी मुळे, नवी पालवी, नवे लाकूड करतो. आपण फक्त त्याचा आकार राखतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : हा झाडाचा छळ नव्हे काय? झाडाला वेदना होतात काय या वादात न शिरता एवढे म्हणता येईल की, छळ कशाला म्हणावे याची एक साधी कसोटी आहे. छळलेला जीव लवकर मरतो. ज्या घरात ज्युनिपर काचेच्या कपाटावर ठेवून आठवड्याला पेलाभर पाण्यावर मारले जाते, त्या घराविरुद्ध हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. पण चांगल्या हाती असलेल्या झाडाची गोष्ट वेगळी. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात जपानी पांढऱ्या पाईनचा एक वामनवृक्ष आहे. १६२५ सालापासून तो कुंडीत जोपासला जात आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा तो स्फोटाच्या ठिकाणाहून सुमारे तीन किलोमीटरवर यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत, एका भिंतीच्या आडोशाला होता. घराच्या काचा फुटल्या. कुटुंब वाचले, झाडही वाचले. १९७६ साली मासारु यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिले, तेव्हा बाँबचा उल्लेखही केला नाही. २००१ साली त्यांचे नातू ते झाड पाहावयास आले, तेव्हा ही हकीकत तेथील लोकांना कळली.

जॉन नाका या जपानी-अमेरिकन कलावंताने १९४८ साली ज्युनिपरच्या साध्या झाडांवर एक काम सुरू केले. वाढत वाढत ते अकरा झाडांचे एक रान झाले. एकेका नातवंडाच्या नावे एकेक झाड. त्याचे नाव ‘गोशिन’. १९८४ साली त्यांनी ते त्याच वॉशिंग्टनच्या संग्रहाला दिले. नाका २००४ साली वारले. रान हिरवे आहे.

या दोन्ही झाडांत काही जादू नाही. रोज सकाळी कुणीतरी उठून बोट मातीत खुपसले, पाणी हवे की नको ते पाहिले, एवढेच झाले. पहिल्या झाडाच्या बाबतीत ते जवळजवळ चारशे वर्षे झाले. रोप घेणाऱ्याने म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मी गावाला जाईन तेव्हा याला पाणी कोण घालील? उत्तर तयार असेल तर रोप अवश्य आणावे. नसेल तर आधी शेजाऱ्याशी ओळख वाढवावी, आणि मग रोपवाटिकेत जावे.